तालमीपासून विद्यापीठापर्यंत

आपल्या उदगीर भागात ‘तालीम’ हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. उर्दू बोलणाऱ्या घरात वडील मुलाला तालीम घ्यायला सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात पाटी-पुस्तक, शाळा आणि इल्म असते. मराठी बोलणाऱ्या घरात मुलगा तालमीत जातो असे म्हटले, की डोळ्यांपुढे लाल मातीचा हौद, जोर-बैठका आणि पहाटेचा घाम येतो. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. मराठी माणसाने तो उचलला आणि कुस्तीच्या आखाड्याला बहाल केला. शरीर घडविणे हेही शिक्षणच आहे, अशी ज्या पिढ्यांची धारणा होती, त्यांनाच असा शब्द सुचू शकतो. कुस्ती, पहिलवान, पेच, कसरत, लेझीम ही सारी मंडळी फारसी-अरबीतूनच मराठीत आली. उस्तादाचा वस्ताद झाला. शाळेतल्या कवायतीचे मूळही ‘कवाइद’ म्हणजे नियम या अरबी शब्दात आहे.

आज मात्र या दोन तालमींची फारकत झाली आहे. बारावी झालेला मुलगा घरी येऊन म्हणतो, “अब्बा, मला शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची आहे,” आणि घरात शांतता पसरते. शिकशील तर नवाब होशील आणि खेळशील तर वाया जाशील, ही जुनी म्हण कोणीतरी ऐकवतो. पी. टी. म्हणजे शिट्टी वाजविणे, त्यासाठी विद्यापीठ कशाला, असे विचारले जाते. मुलीने असे म्हटले तर प्रश्न विचारण्याचीही गरज कोणाला वाटत नाही.

पालक बंधु-भगिनींनो, शरीराच्या हालचालीचे ज्ञान हे खरोखरच इल्म आहे. त्याचा इतिहास मोठा आहे, तो आपल्याच मुलखातून गेलेला आहे आणि त्यात आपल्या माणसांचा वाटा आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने तो येथे थोडक्यात मांडतो. त्यातून एक गोष्ट वारंवार दिसेल. जे ज्ञान कोणी मोजले, लिहिले आणि वर्गात शिकविले, ते टिकले. जे केवळ उस्तादाच्या हातात राहिले, ते बहुतेक उस्तादाबरोबर मातीत गेले.

हे शास्त्र म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला किनेसिऑलॉजी म्हणतात, त्याला आपण शरीरगतिशास्त्र म्हणू. ग्रीक भाषेत ‘किनेसिस’ म्हणजे हालचाल. कोणता स्नायू कोणत्या हाडाला कोठून ओढतो, सांधा किती वळतो, धावताना श्वास व नाडी का वाढते, थकवा कशाने येतो आणि सरावाने तो उशिरा का येतो, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे हे शास्त्र.

एक साधे उदाहरण घेऊ. पाण्याने भरलेली पाच किलोची बादली कोपर काटकोनात ठेवून हातात धरा. दंडाचा पुढचा स्नायू कोपरापासून अवघ्या चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि बादली असते सुमारे पस्तीस सेंटिमीटरवर. म्हणून पाच किलो पेलण्यासाठी त्या स्नायूला सात-आठ पट, म्हणजे पस्तीस ते चाळीस किलोचा ओढा द्यावा लागतो. निसर्गाने येथे ताकद खर्च करून वेग मिळविला आहे. स्नायू थोडासा आखडला, की तळहात झपकन पुष्कळ अंतर कापतो. गोलंदाजाचा चेंडू आणि लोहाराचा घण याच हिशेबावर चालतात. यात गणित आहे, पदार्थविज्ञान आहे, शरीरशास्त्र आहे.

आपला शेतकरी या शास्त्राला अगदी अनोळखी नाही. उदगीर-देवणीचा हा मुलूख देवणी जातीच्या गुरांसाठी प्रसिद्ध. बाजारात बैल पाहताना जाणता माणूस आधी त्याला चालवून पाहतो. खूर कसा पडतो, खांदा कसा हलतो, मागचा पाय ओढतो का, हे पाहूनच तो दाम बोलतो. बैलाच्या चालीची इतकी पारख असलेल्या गावात आपल्या मुलाचा खांदा दप्तराने एका बाजूला झुकला आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

उस्तादाच्या हौदापासून प्रयोगशाळेपर्यंत

व्यायामाचा शास्त्र म्हणून विचार फार जुना आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न सीना या हकीमाने ‘अल-कानून’ हा वैद्यकाचा महाग्रंथ लिहिला. व्यायामाचे प्रकार, त्याची योग्य वेळ, नंतरचे अंगमर्दन आणि स्नान, थकव्याचे प्रकार व त्यावरचे उपाय यांचा विचार त्यात स्वतंत्रपणे केलेला आहे. पुढे कित्येक शतके हा ग्रंथ युरोपातही वैद्यकाचे पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. सतराव्या शतकात इटलीच्या बोरेली याने प्राण्यांच्या हालचालींना यंत्रशास्त्राचे नियम लावून दाखविले. १९२२ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ या दोघांना स्नायूंच्या कार्यावरील संशोधनासाठी मिळाले. तेथून व्यायाम हा विद्यापीठातील प्रयोगशाळेचा विषय झाला.

आपल्याकडे याच सुमारास काय घडत होते, हे पाहण्यासाठी बडोद्यास जावे लागते. सयाजीराव गायकवाडांच्या त्या नगरीत जुम्मादादा नावाचे एक मुस्लिम उस्ताद होते. त्यांच्या आखाड्यात एक मराठी शिष्य आला. पुढे तो राजरत्न प्रा. माणिकराव या नावाने सर्वत्र गाजला. माणिकराव कुस्ती व शस्त्रविद्येत निपुण होतेच, शिवाय हाडे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. शेकडो मुलांनी एकाच वेळी, आपल्याच भाषेतील हुकमांवर करावयाच्या संघव्यायामाची पद्धत त्यांनी रूढ केली. आणि आपल्या व्यायामशाळेला त्यांनी नाव दिले ते स्वतःचे नव्हे, गुरूचे. बडोद्याचे ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’ ते हेच. हिंदू शिष्याने मुस्लिम उस्तादाचे ऋण असे दारावर कोरून ठेवले.

ही परंपरा येथेच थांबली नाही. १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकत होता. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. योगासनांनी शरीरात नेमके काय घडते, हे केवळ श्रद्धेवर न सोडता क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून पाहावे, असे त्यांनी ठरविले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था काढली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापावयास आरंभ केला. नौली या क्रियेत पोटातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उतरतो, हे त्यांनी मोजून दाखविले. जुम्मादादांच्या आखाड्यापासून लोणावळ्याच्या प्रयोगशाळेपर्यंत अंतर पाहिले तर अवघ्या तीन पिढ्यांचे, पण त्यात हातातली विद्या कागदावर आली.

बडोद्यातच द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हाती घेतला आणि १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड मराठीत प्रसिद्ध केले. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्तीचे डाव, लाठी, लेझीम, सारे त्यात नोंदले गेले. किती वस्तादांची विद्या या खंडांमुळे वाचली असेल! आणि ज्यांच्यापर्यंत हे संपादक पोहोचले नाहीत, अशा किती वस्तादांची नावेसुद्धा आज कोणाला ठाऊक नाहीत!

आपले संस्थान आणि एक शाळामास्तर

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. त्या काळी उदगीर बीदर जिल्ह्यात होते आणि बीदर हैदराबाद संस्थानात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात आला व १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर त्यात गेला. तेव्हा १९५६ पर्यंतचा हैदराबादचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे.

शारीरिक शिक्षणाचे भारतातील पहिले महाविद्यालय हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने १९२० साली मद्रासला वाय.एम.सी.ए.च्या वतीने काढले. त्यानंतरचे सरकारी महाविद्यालय निघाले ते हैदराबादेत, १९३१ साली. मुंबई सरकारची कांदिवलीची प्रशिक्षण संस्था त्यानंतर, १९३८ साली सुरू झाली. म्हणजे या विषयाचे शिक्षण मुंबईच्या आधी आपल्या संस्थानच्या राजधानीत मिळू लागले होते.

त्याच हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर होते. जन्म १९०९ चा. कला शाखेची पदवी घेऊन ते शिक्षक झाले, निरनिराळ्या शाळांत शिकविले. मग त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांचा भार अंगावर घेतला. फुटबॉल ते स्वतः खेळतच होते. खेळाडूपणाला त्यांनी अभ्यासाची जोड दिली आणि पुढे जे घडले ते सर्व देशाने पाहिले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला हरवून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेबच होते.

पण यशापेक्षा अपयशातून माणूस काय शिकतो, ते अधिक महत्त्वाचे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारताला युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव पत्करावा लागला. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. नशिबाला बोल लावून विषय संपविता आला असता. पण त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले आणि रहीमसाहेबांनी तरुणांची तयारी नव्या पद्धतीने करून घेतली. खेळाडूने फक्त आपल्या कमजोर पायानेच चेंडू मारावयाचा, अशा स्पर्धा ते भरवीत. चेंडू पायाशी खेळवीत न बसता लगेच पुढे द्यावयाचा, अशाही स्पर्धा घेत. सरावलेला पाय सोडून दुसऱ्या पायाला काम दिले, की सुरुवातीला माणूस बावळट दिसतो. पण मेंदू व मज्जातंतू हळूहळू नवा मार्ग पक्का करतात. आजच्या शरीरगतिशास्त्राच्या वर्गात कौशल्य-शिक्षण या नावाखाली जे शिकवितात, ते या मास्तरांनी मैदानावर करून दाखविले.

फळ काय मिळाले? १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले आणि चौथा क्रमांक मिळविला. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून पुन्हा सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले. त्यानंतर भारताच्या फुटबॉल संघाला आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक आजपर्यंत मिळालेले नाही. एका माणसाबरोबर किती विद्या जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

हेलसिंकीच्या त्याच ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. आधी १९४८ साली लंडनला ते सहावे आले होते. मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती नवी होती. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मग तोल आणि पवित्रा दोन्ही बदलावे लागतात. चार वर्षे सराव करून त्यांनी ते बदलले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले होते. शिक्षकाने शिष्याच्या शरीरावर एवढा विश्वास टाकावा, ही गोष्ट प्रत्येक शाळेत मुलांना सांगितली पाहिजे.

पदवी कशी आली?

महाराष्ट्रात या शिक्षणाचे मोठे केंद्र अमरावतीचे. वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे हनुमान व्यायामशाळा सुरू केली. तिचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने जगापुढे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. एका गावच्या आखाड्याने तेथपर्यंत मजल मारली. तरीही मंडळ प्रात्यक्षिकांवर संतुष्ट राहिले नाही. १९६७ साली त्याने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले.

त्याआधी दहा वर्षे, १८५७ च्या स्वातंत्र्यसंग्रामाच्या शताब्दीला, केंद्र सरकारने झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केले आणि तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. १९९५ साली त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्रशिक्षक तयार करण्यासाठी १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. २०१८ च्या कायद्याने मणिपूरला राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठच उभे राहिले. आपल्या मराठवाड्याचे विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला झाले, आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली. आज नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही हा विषय शिकता येतो. हैदराबाद किंवा कांदिवली गाठण्याची सक्ती राहिलेली नाही.

या अभ्यासात काय असते, हे पालकांनी समजून घ्यावे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.पी.एड. हा अभ्यासक्रम पदवीनंतरचा, दोन वर्षांचा झाला. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, योग, क्रीडा-प्रशिक्षण, मापन व मूल्यमापन, संशोधन व संख्याशास्त्र हे विषय त्यात आहेत, आणि शरीरगतिशास्त्र व जैवयांत्रिकी हा स्वतंत्र पेपर आहे. पुढे एम.पी.एड., नेट, पीएच.डी. अशी पायऱ्यांची वाट आहे. ज्याला रुग्णांच्या सांध्यांवर व स्नायूंवर उपचार करावयाचे आहेत, त्याचा मार्ग भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा. तो आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून जातो आणि त्यासाठी बारावीला विज्ञान व जीवशास्त्र हवे, ‘नीट’ परीक्षाही द्यावी लागते. हे दोन रस्ते वेगळे आहेत. दहावीनंतर शाखा निवडतानाच हा विचार झाला पाहिजे. बारावी कला शाखेतून झाल्यावर मुलगा फिजिओथेरपी मागू लागला, तर तोवर गाडी स्टेशनातून निघून गेलेली असते.

सरकारी नोकरीची खात्री या शिक्षणात नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शाळांतील जागा मर्यादित आहेत. ज्याला खरी आवड आहे, ज्याची शास्त्र वाचण्याची तयारी आहे आणि पहाटे मैदानावर उभे राहण्याचीही तयारी आहे, त्यानेच इकडे यावे. इतर सर्व दरवाजे बंद झाले म्हणून येथे येणारा विद्यार्थी स्वतःचेही भले करीत नाही आणि पुढे ज्या मुलांना शिकवील त्यांचेही नाही.

लेकींचे काय?

मुलींच्या बाबतीत आपण अधिक मागे आहोत. निझामाबादच्या निकहत झरीनने मुष्टियुद्धात २०२२ साली इस्तंबूलला आणि २०२३ साली दिल्लीला जागतिक विजेतेपद मिळविले. निझामाबाद म्हणजे काही परका मुलूख नव्हे; १९५६ पर्यंत ते आणि उदगीर एकाच राज्यात होते. तिच्या वडिलांना स्वतःला खेळाची ओढ होती, त्यांनी लेकीला मैदानावर नेले. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहिला असेलच.

पण विजेतेपद सोडा. प्रत्येक मुलगी निकहत होणार नाही आणि व्हायलाही नको. साधी गोष्ट पाहा. आपल्या घरातील स्त्रिया खाली बसून भाकऱ्या थापतात, पाण्याचे हंडे उचलतात, आणि चाळिशीतच गुडघा व कंबर धरून बसतात. वजन उचलताना कंबर वाकवावी की गुडघे, हे त्यांना कोणी शिकविले आहे काय? शरीरगतिशास्त्र शिकलेली एक मुलगी मोहल्ल्यातील पन्नास बायकांना हे त्यांच्याच भाषेत सांगू शकेल. पुरुष शिक्षकाला जे दार उघडे नाही, ते तिला उघडे आहे. पर्दा पाळणाऱ्या घरांना तर अशा शिक्षिकेची गरज सर्वांत जास्त आहे.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. या वर्षी एक वही करा. महिन्यातून एकदा आपली उंची, वजन, विसाव्याच्या वेळी एका मिनिटात पडणारे नाडीचे ठोके, शाळेच्या मैदानाला एक फेरी मारण्यास लागलेला वेळ आणि फेरीनंतरचे ठोके तीत लिहा. वर्षाअखेरीस आकडे मांडून पाहा. सराव करणाऱ्याचे विसाव्याचे ठोके हळूहळू कमी होतात, कारण त्याचे हृदय एकेका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. ही गोष्ट पुस्तकात वाचण्याआधी तुमच्या हाताच्या दोन बोटांना कळेल.

आणि पालकांना एवढीच विनंती, की आपल्या गल्लीत जुने वस्ताद, लाठी फिरविणारे, लेझीम शिकविणारे, हाडे बसविणारे कोणी हयात असतील, तर मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. त्यांना येते ते उतरवून घ्या. त्यातले खरे किती आणि चूक किती, हे पुढे विद्यापीठात शिकलेली आपलीच मुले तपासतील. पण तपासायला आधी ते कागदावर असले पाहिजे. वस्तादांची वये झाली आहेत, तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नये.